हक्क पुढे, पैसा मागे

गुंतवणुकीसाठी घर घ्यायचे ठरले की चर्चा सुरू होते ती चौरस फुटाच्या भावाची. बाणेरला काय चालू आहे, घोडबंदर रोडला किती पडेल, मेट्रो सुरू झाल्यावर कुठे जाईल. मग बिल्डरच्या कार्यालयात घासाघीस होते, चौरस फुटामागे शे-दोनशे रुपये कमी करून घेतल्याचे समाधान मिळते आणि वर मॉड्युलर किचन फुकट मिळाले तर सौदा जिंकल्यासारखा वाटतो. भाव करू नये असे कोणी म्हणणार नाही. पण एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, एकाच भावाने घर घेतलेल्या दोघांची पाच वर्षांनंतरची अवस्था पूर्ण वेगळी असू शकते, आणि त्याचे कारण भावात सापडत नाही. ते सापडते पैसे केव्हा दिले आणि दिले तेव्हा हातात काय आले, यात. या लेखाचे सगळे म्हणणे एवढेच आहे की जागेच्या व्यवहारात दर टप्प्याला आधी हक्क हातात यावा आणि त्या मापानेच पैसा सुटावा. कर्ज कसे घ्यायचे, करार कसा लिहायचा, भागीदार कोण घ्यायचा, हे प्रश्न वेगवेगळे दिसतात. पण त्यांची उत्तरे या एकाच कसोटीवर लावता येतात.

ही कसोटी कायद्यानेच घालून दिलेली आहे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याच्या, म्हणजे रेराच्या, कलम 13 प्रमाणे विक्री करारनामा करून त्याची नोंदणी केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्राच्या नियमांसोबत जो नमुना करारनामा आहे, त्यात पुढचे टप्पेही दिले आहेत: करारनामा झाल्यावर एकूण 30 टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाल्यावर 45, सगळे स्लॅब पडल्यावर 70, भिंती, आतला गिलावा, फरशी, दारे-खिडक्या झाल्यावर 75, जिने, लिफ्टची जागा आणि स्वच्छतागृहाची जोडणी झाल्यावर 80, बाहेरचा गिलावा आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर 85, लिफ्ट, पंप, वीजजोडणी वगैरे झाल्यावर 95 आणि शेवटचे 5 टक्के भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देताना. हा तक्ता नीट वाचला तर एक गोष्ट खटकते. शेवटचा स्लॅब पडतो तेव्हा 70 टक्के पैसे गेलेले असतात, आणि अनेक प्रकल्प रखडतात ते त्यानंतरच. सांगाडा उभा राहतो, रंगकाम, लिफ्ट, अग्निशमनाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र यांत वर्षे जातात. म्हणजे कायद्याचा तक्ताही बिल्डरकडे थोडा झुकलेलाच आहे. तरी तो किमान आधार धरावा आणि बिल्डरने दिलेला तक्ता त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. ‘बुकिंगपासून साठ दिवसांत 50 टक्के’ किंवा शेवटच्या टप्प्याला नाममात्र रक्कम, असे काही दिसले तर भाव कमी मिळाल्याचा आनंद तिथेच आवरावा. शेवटच्या टप्प्यात 5 ऐवजी 10 टक्के ठेवून मागणे हे चौरस फुटामागे शंभर रुपये कमी करून घेण्यापेक्षा अधिक मोलाचे असते, कारण ती रक्कम तुमच्याकडे असेपर्यंत बिल्डरला तुमची गरज असते.

याच्या उलट टोकाला काय होते याचा पुरावा सबव्हेन्शन योजनांनी पुरवला आहे. योजना दिसायला फार गोड असते: 10 किंवा 20 टक्के तुम्ही भरा, उरलेले बँक देईल, ताबा मिळेपर्यंत कर्जाचे व्याज बिल्डर भरेल. जाहिरातीत ‘ताब्यापर्यंत हप्ता नाही’ एवढेच ठळक असते. आतली रचना अशी की कर्ज तुमच्या नावावर असते, ते कर्ज बऱ्याचदा बांधकामाच्या आधीच बिल्डरच्या हाती गेलेले असते आणि व्याज भरण्याचे वचन मात्र बिल्डरचे असते. बिल्डरने व्याज भरणे थांबवले की बँक तुमच्याकडे येते, कारण तिच्या कागदावर कर्जदार तुम्हीच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावले होते की गृहकर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसारच द्यावी, एकरकमी देऊ नये. गृहवित्त कंपन्यांसाठी नॅशनल हाउसिंग बँकेने जुलै 2019 मध्ये अशा योजनांपासून दूर राहण्यास सांगितले. तरीही दिल्लीच्या आसपास हजारो खरेदीदार अर्धवट इमारती आणि चालू हप्ते यांत अडकले आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँका आणि बिल्डर यांच्या संगनमताची चौकशी सीबीआयकडे सोपवली. त्या खरेदीदारांनी भाव चुकीचा दिला होता असे नाही. त्यांच्या नावावरचा पैसा कामाच्या कित्येक टप्पे पुढे गेला होता.

यावर एक हिशेबी आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लवकर पैसे दिले तर सवलत मिळते; जोखीम घेतो त्याला मोबदला मिळतो; मग सगळ्यांनीच टप्प्यांची वाट का पाहायची? तत्त्व बरोबर आहे, म्हणून आकडे मांडून पाहू. 80 लाखांच्या घरावर ‘95 टक्के आत्ता भरा’ या अटीवर 6 टक्के सवलत देऊ केली आहे असे धरा. वाचले 4 लाख 80 हजार आणि किंमत झाली 75 लाख 20 हजार. नमुना तक्त्याप्रमाणे करारनाम्याच्या वेळी 30 टक्के द्यायचेच होते, म्हणजे जास्तीचे 65 टक्के, सुमारे 48 लाख 90 हजार, वेळेआधी गेले. तीन वर्षांच्या बांधकामात ही रक्कम सरासरी दीड वर्ष आधी गेली असे मानले तर 8 टक्के दराने तिचे व्याज होते सुमारे 5 लाख 87 हजार. सवलतीपेक्षा लाखभर जास्त. काम वर्षभर रखडले तर आणखी जवळपास 4 लाख. आणि प्रकल्प बुडण्याच्या जोखमीची किंमत यात धरलेलीच नाही. सवलत 12 टक्के असेल, बिल्डरने मागचे प्रकल्प वेळेवर दिल्याचे कागदोपत्री दिसत असेल, इमारत निम्म्याहून वर गेली असेल, तर हाच हिशेब उलटा येऊ शकतो. तेव्हा खुशाल द्यावेत. मात्र सवलत म्हणजे तुम्ही बिल्डरला दिलेल्या विनातारण कर्जाचे व्याज आहे, हे ओळखून तिचा दर काढावा. तो दर बँकेच्या दरापेक्षा बराच वर नसेल तर सवलत नाकारावी.

सबव्हेन्शनचाच दुसरा अवतार म्हणजे खात्रीचा परतावा. ‘दरमहा 1 टक्का देऊ, तीन वर्षांनी दीडपट किमतीला परत घेऊ’ अशी हमी दुकानांच्या गाळ्यांवर, सर्व्हिस अपार्टमेंटवर, कधी फार्महाउसच्या भूखंडांवर दिली जाते. गुंतवणूकदाराला वाटते, घर मिळाले तर घर, नाही तर पैसे, म्हणजे दोन्ही बाजूंनी सुरक्षित. प्रत्यक्षात अशा करारात दोन्ही बाजू लंगड्या पडतात. बांधकामाधीन घर घेणाऱ्यांना दिवाळखोरी संहितेखाली 2018 पासून वित्तीय धनको मानले जाते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर एका प्रकल्पातल्या किमान 100 किंवा 10 टक्के खरेदीदारांनी मिळून अर्ज करावा लागतो. पण सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की राहण्यासाठी घर घेणारा आणि निव्वळ परताव्यासाठी पैसे लावणारा यांत फरक आहे; परत खरेदीची हमी, ठराविक परतावा, ताब्याबद्दल अनास्था ही सट्टेबाजाची लक्षणे आहेत आणि अशा माणसाला हा मार्ग वापरता येणार नाही. म्हणजे परताव्याचे कलम जितके आकर्षक, तितका खरेदीदार म्हणून तुमचा हक्क पातळ. हे अनेकांना कळते ते वकिलाकडे गेल्यावर.

आता कर्जाकडे वळू. बँकेने किती कर्ज मंजूर केले यावरून किती घ्यावे हे ठरवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांच्या कर्जात 80 टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कर्जात 75 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च या किमतीत साधारणपणे धरता येत नाहीत. पुण्यात 80 लाखांचा बांधकामाधीन फ्लॅट पुरुषाच्या नावे घेतला तर 7 टक्के मुद्रांक शुल्काचे 5 लाख 60 हजार, नोंदणीचे 30 हजार आणि 5 टक्के जीएसटीचे 4 लाख, असे 9 लाख 90 हजार वर लागतात. कर्ज 60 लाख घेतले तर स्वतःचे जवळपास 30 लाख उभे करावे लागतात, 20 नव्हे. या 10 लाखांची तरतूद आधी केलेली नसते, मग ती वैयक्तिक कर्जातून, सोने गहाण ठेवून किंवा नातेवाइकांकडून होते, आणि गुंतवणूक सुरू होण्याआधीच तिच्यावर महागडे व्याज चढते. डाउन पेमेंटच उसने घ्यावे लागत असेल तर तो व्यवहार तुमच्या मापाचा नाही. त्यापेक्षा छोटे घर पाहावे.

पुढचा हिशेब भाड्याचा. 60 लाखांचे कर्ज 8 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले तर हप्ता येतो सुमारे 50,190 रुपये. मोठ्या शहरात निवासी घराचे वार्षिक भाडे किमतीच्या 3 टक्के धरले, तर 80 लाखांच्या घराला महिना 20 हजार. म्हणजे दरमहा 30 हजार पगारातून. पहिल्या वर्षी हप्त्यातले सुमारे 4 लाख 75 हजार व्याजात जातात. देखभाल शुल्क, मालमत्ता कर आणि एखादा महिना घर रिकामे, यांचे 60 हजार धरा. भाड्याचे 2 लाख 40 हजार वजा केले तर उरतो 2 लाख 95 हजारांचा तोटा. स्वतःचे 30 लाख मुदत ठेवीत 7 टक्क्यांनी राहिले असते तर 2 लाख 10 हजार मिळाले असते, तेही मोजायला हवेत. बेरीज 5 लाखांच्या वर. म्हणजे घराची किंमत वर्षाला सहा टक्क्यांहून अधिक वाढली तरच बरोबरी होते, आणि सुरुवातीचे 9 लाख 90 हजार भरून निघण्यासाठी त्याच्याही वर आणखी 12 टक्क्यांची वाढ लागते. हे सगळे घर भाड्याने गेल्यानंतरचे. ताब्याआधीची वर्षे निव्वळ व्याजाची असतात, भाडे शून्य. प्राप्तिकरात सूट मिळते म्हणून हा हिशेब सुसह्य होतो असे मानणाऱ्यांनी आपण कोणत्या करप्रणालीत आहोत ते तपासावे. जुन्या प्रणालीत भाड्याच्या घराचा तोटा वर्षाला 2 लाखांपर्यंत पगारातून वजा होतो. नव्या प्रणालीत तो पगारातून वजा होतच नाही, आणि आता आपोआप लागू होते ती नवीच.

यावर म्हटले जाते की किमती वाढतातच, आजवर जमिनीत कोण बुडाले? जे बुडाले ते सांगायला दलालाकडे येत नाहीत. आणि किंमत वाढली तरी ती वाढ पदरात पडेपर्यंत हप्ता भरत राहण्याची ताकद लागते, खरी परीक्षा तिथे होते. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी चल दराची गृहकर्जे बाह्य मानकाशी, बहुतांशी रेपोशी, जोडलेली असल्यामुळे ही वाढ थेट कर्जदारावर आली. आपल्या उदाहरणातला दर 8 वरून 10.5 टक्के झाला तर हप्ता सुमारे 9,700 रुपयांनी वाढतो. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवू, असे वाटत असेल तर पाहा: 60 लाखांवर 10.5 टक्क्यांचे एका महिन्याचे व्याजच 52,500 होते, म्हणजे जुना हप्ता व्याजालाही पुरत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जसंस्थांना बंधन घातले की दर बदलताना हप्ता आणि मुदत यांवर काय परिणाम होतो ते कर्जदाराला सांगावे आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की काही रक्कम आधी फेडायची हे निवडू द्यावे. निवड करायला हातात शिल्लक मात्र हवी. म्हणून कर्जाची रक्कम ठरवताना आजच्या दराने नव्हे, अडीच टक्के वरच्या दराने हप्ता काढावा, भाडे सहा महिने बंद आहे असे धरावे, आणि तरीही पगारात भागते का पाहावे. भागत नसेल तर मंजुरीपत्रावरचा आकडा कितीही मोठा असो, तो तुमचा आकडा नाही.

तयार घराच्या पुनर्विक्रीत बिल्डर नसतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. इथे पेच बहुधा विक्रेत्याच्या कर्जाचा असतो. मूळ कागदपत्रे त्याच्या बँकेत गहाण, ती सुटायला कर्ज फिटायला हवे, कर्ज फिटायला तुमचे पैसे हवेत, आणि तुमची बँक कागद पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. विक्रेता सुचवतो, तुम्ही आधी 20 लाख द्या, मी कर्ज फेडून कागद आणतो. असे कधीच करू नये. विक्रेत्याच्या बँकेकडून थकबाकीचे पत्र आणि कागदपत्रांची यादी घ्यावी, साठेखत नोंदवावे, तुमच्या बँकेचा धनादेश विक्रेत्याच्या नावे न काढता त्याच्या कर्जखात्याच्या नावे काढावा, कागद थेट तुमच्या बँकेकडे जातील असे तिघांमध्ये लेखी ठरवावे, उरलेली रक्कम खरेदीखताच्या दिवशी. टोकनची पावती करताना एक ओळ हटकून घालावी: अमुक दिवसांत कर्ज मंजूर झाले नाही किंवा मालकी हक्कात दोष निघाला तर विसार पूर्ण परत. ही ओळ नसेल तर विसार बुडाला म्हणून भांडण ठरलेले. पन्नास लाख किंवा अधिक किमतीच्या व्यवहारात 1 टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची आहे, आणि विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा 1 टक्क्याचा नियम लागू होत नाही, दर बराच जास्त असतो. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्याचे पुण्यातले घर घेताना ही चूक फार महागात पडते, कारण न कापलेला कर प्राप्तिकर खाते खरेदीदाराकडून वसूल करते.

रोखीबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. किमतीचा काही भाग ‘खालून’ देण्याचा आग्रह अजूनही होतो, आणि त्यात मुद्रांक शुल्क वाचते म्हणून खरेदीदारही राजी असतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यास कायद्याने बंदी आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा आहे. नैतिकतेचा आणि दंडाचा भाग बाजूला ठेवला तरी आपल्या कसोटीवर रोख नापास होते, कारण ती हक्काशिवाय गेलेली रक्कम आहे. ताबा लांबला तर रेराच्या कलम 18 प्रमाणे परतावा आणि व्याज मिळते ते करारात लिहिलेल्या रकमेवर. बँक कर्ज देते ते त्याच किमतीवर. उद्या तुम्ही विकाल तेव्हा खरेदी किंमत धरली जाईल तीही तीच, म्हणजे वाचवलेल्या मुद्रांक शुल्कापेक्षा जास्त भांडवली नफा कर पुढे भरावा लागेल. शिवाय करारातली किंमत वार्षिक मूल्यदर तक्त्यातल्या, म्हणजे रेडी रेकनरच्या, किमतीपेक्षा 10 टक्क्यांहून खाली गेली तर तो फरक खरेदीदाराचे उत्पन्न मानून त्यावर कर लागतो.

जमिनीत आणि ‘प्रीलाँच’मध्ये हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. रेरा नोंदणीआधी जाहिरात करणे, आरक्षण घेणे, इरादापत्राच्या नावाखाली पैसे गोळा करणे, कशालाच परवानगी नाही. तेव्हा त्या टप्प्यावर दिलेल्या पैशाच्या बदल्यात मिळते ती फक्त एक पावती. शेतजमिनीबाबत तर महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय ती विकतच घेता येत नाही, हे 1948 च्या कूळकायद्याचे कलम 63 आहे. दहा-दहा गुंठ्यांचे तुकडे पाडून, सातबारावर सामाईक नाव लावून देण्याचे आश्वासन, नोटरीचा करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र, एवढ्यावर पैसे मोजले जातात. कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात 2011 मध्येच सांगून टाकले आहे. इथे टप्पे पाडूनही उपयोग नाही. हक्क मुळात येणारच नसेल तर पहिला रुपयाही जाता कामा नये.

भावाभावांनी किंवा मित्रांनी मिळून घेतलेल्या जागेत बाहेरचा कोणी फसवत नाही, न लिहिलेली गोष्ट फसवते. एकाने डाउन पेमेंट दिले, दुसऱ्याने हप्ते भरले, नाव दोघांचे, वाटा कुठेच लिहिलेला नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 45 प्रमाणे कोणी किती दिले हे सिद्ध झाले तर त्या प्रमाणात वाटे, नाही झाले तर सारखे मानले जातात. दहा वर्षांनी सिद्ध करायला बँकेचे उतारे शोधत बसावे लागते. बँकेच्या दृष्टीने सहकर्जदार संपूर्ण कर्जाला जबाबदार असतो, त्याचा वाटा पाव हिस्सा असला तरी. म्हणून खरेदीखतातच टक्केवारी लिहावी. सोबत एक साधा करार करावा: एकाने हप्ता थांबवला तर दुसऱ्याने भरलेल्या रकमेने वाटा किती सरकतो, एकाला बाहेर पडायचे असेल तर किंमत कोण ठरवणार, दुसऱ्याला पहिला हक्क किती दिवस. नात्यात असे कागद करणे संकोचाचे वाटते खरे, पण नाते टिकते ते याच कागदांमुळे.

एक आक्षेप राहतो. बिल्डर एकट्या ग्राहकाचे ऐकत नाही, तयार छापील करारावर सही कर म्हणतो. आणि शेवटी रेरा आहेच की. पहिल्या भागाला उत्तर असे की 10 टक्क्यांची मर्यादा, नोंदणी, ताब्याची तारीख, कलम 18 चे व्याज, या गोष्टी वाटाघाटीच्या नाहीतच, त्या कायद्याच्या आहेत. बाकीच्या, म्हणजे शेवटच्या टप्प्याची रक्कम, ताब्याआधी विकायचे झाल्यास ना-हरकत आणि तिचे शुल्क, प्रकल्पकर्ज देणाऱ्या बँकेचे तुमच्या फ्लॅटपुरते ना-हरकत पत्र, या मागून पाहाव्यात. नकार आला तरी माहिती मिळतेच. दुसऱ्या भागाला उत्तर असे की रेरा आधार आहे, विमा नाही. बिल्डरने जमा रकमेतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यानंतर कामाच्या प्रमाणातच काढायचे, हा नियम चांगला आहे. परताव्यासाठी स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरापेक्षा 2 टक्के जास्त दराने व्याजाचा आदेशही मिळतो. पण आदेश न पाळल्यास वसुली जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, आणि तिथे विकायला बिल्डरची मालमत्ता शिल्लक असावी लागते. त्या रांगेत कमी रक्कम अडकलेला माणूस सुखी असतो.

तेव्हा टोकन देण्याआधी एक संध्याकाळ काढा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडा. मालकी हक्काचा अहवाल, जमिनीवरचा बोजा, तिमाही प्रगती अहवाल तिथे फुकट पाहायला मिळतात. पुनर्विक्री असेल तर इंडेक्स टू आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागा. मग एका कागदावर दोन रकाने आखा: डावीकडे कोणत्या तारखेला किती पैसे जाणार, कर्जातले किती आणि स्वतःचे किती, उजवीकडे त्या दिवशी कोणता नोंदवलेला कागद किंवा बांधकामाचा कोणता पुरा झालेला टप्पा हाती येणार. तो कागद एखाद्या अशा वकिलाला दाखवा, ज्याचे नाव बिल्डरने किंवा दलालाने सुचवलेले नाही. त्याची फी काही हजार रुपये असेल. 80 लाखांच्या व्यवहारात तेवढी वाचवू नका.